अकरा हेल्मेटं

अकरा हेल्मेटांचा वास कसा असतो ते मला विचारा. ओले मोजे, नासलेलं दही आणि स्वस्त अत्तर एकाच डब्यात कोंबून डबा उन्हात ठेवला तर जे होईल ते. हा वास माझ्या टेबलामागच्या झेरॉक्सच्या खोलीत ऑक्टोबर नव्याण्णव ते फेब्रुवारी दोन हजार असा पाच महिने मुक्कामाला होता. मी ॲडेलिन तुस्कानो, मूळची वसईची, शारजातल्या एका खाजगी कॉलेजात डायरेक्टरची सेक्रेटरी. टायपिंग, फायली, व्हिसाची पत्रं आणि कॉलेजचा गोल रबरी शिक्का एवढं माझं राज्य. त्यात त्या वर्षी फुटबॉलचं किट येऊन पडलं.

फुटबॉल म्हणजे पायाने खेळतात तो नव्हे. अमेरिकन. नारळाच्या आकाराचा चेंडू काखेत धरून पळायचं, पलीकडची रेघ ओलांडायची आणि तोवर समोरच्या अकरा जणांनी तुम्हाला धरून जमिनीवर आपटायचं. रेघ ओलांडली की सहा पॉइंट. ह्या खेळात मला तेव्हाही अर्थ दिसला नाही, आजही दिसत नाही.

आमचं कॉलेज टायरच्या दुकानावरच्या दोन मजल्यांत भरायचं. बाहेरच्या पाटीवर 'अमेरिकन' हा शब्द मात्र दुसऱ्या सिग्नलपासून दिसेल एवढा. फेब्रुवारीत अमेरिकेहून तीन पाहुणे कॉलेज बघायला येणार होते. त्यांनी मान हलवली तर आमच्या डिग्रीला तिकडची मान्यता मिळणार होती. डायरेक्टर नूरुद्दीनसाहेब हैदराबादचे. त्यांनी कुठल्याशा माहितीपत्रकात हेल्मेटवाल्या पोरांचा फोटो बघितला आणि मीटिंगमध्ये जाहीर केलं, "कॉलेज अमेरिकन है तो गेम भी अमेरिकन होना चाहिए. यल्ला, चलो, टीम बनाओ."

कोच म्हणून यूनुससरांना उभं केलं. हे बिझनेस कम्युनिकेशन शिकवायचे, ओहायोत चार वर्षं काढलेली. तिकडे खेळायचात का, असं मी एकदा विचारलं. "मॅडम, आय हॅव सीन अ लॉट," ते म्हणाले. बघून बघून माणूस शिकवायला लागला तर मी विमान चालवायला शिकवीन.

आणि आता ती मीटिंग. ती मला सांगावीच लागेल, कारण पुढचं सगळं तिथून सुरू झालं. टीममध्ये बावीस पोरं. यूनुससरांनी बावीस हेल्मेटांचा कागद पुढे केला. एका हेल्मेटला साडेचारशे दिरहॅम, म्हणजे आपले पाच हजारांच्या वर. नूरुद्दीनसाहेबांचं तोंड आंबट झालं. मी मिनिट्स लिहीत होते. मला कोणी विचारलं नव्हतं. पण माझा नवरा जोकिम वसईला चर्चच्या क्रिकेट टीमचा विकेटकीपर होता, आणि त्या टीममध्ये पॅडचे दोन जोड आणि एकच हेल्मेट. आउट झालेला आत यायचा, उतरवून पुढच्याला द्यायचा. वर्षानुवर्षं तसंच चाललं, कुणाचं काही बिघडलं नाही. म्हणून मी मान वर करून म्हटलं, "सर, एक टाइम पे ग्यारह ही खेलते हैं ना? तो बाकी ग्यारह हेल्मेट बेंच पे बैठके क्या करेंगे?"

खोलीत असलेला एकूणएक माणूस क्रिकेट खेळलेला. सगळ्यांना ते एकदम पटलं. यूनुससर काहीतरी पुटपुटले, पण साहेबांनी टेबलावर थाप मारली. "ॲडेलिन, यू आर अ जीनियस. इलेवन, खलास." माझ्यासाठी खास समोसा मागवला. माझी मिजास बघायला हवी होती त्या दिवशी. घरी येऊन मी जोकिमला सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. तो दुबईच्या एका हॉटेलच्या लाँड्रीत होता. तो म्हणाला, "क्रिकेटमध्ये चालतं गं. ह्या खेळात डोकंच आपटतात ना पण?"

"तू चादरी धू," मी म्हटलं.

कल्पना माझी म्हणून किटही माझ्या ताब्यात आलं. प्रत्येक मॅचला मी बसमधून पोरांबरोबर जायची. मॅच अशी चालायची: अकरा जण चेंडू घेऊन पळणारे, अकरा जण अडवणारे. बाजू बदलली की आतले अकरा धावत बाहेर यायचे, हेल्मेट उपटायचे आणि बाहेरच्या अकरांच्या हातात द्यायचे. घामाने निथळणारी, आत केस चिकटलेली, कुणाची थुंकी लागलेली. पुढचा ते तसंच डोक्यात घालायचा. मला तिथेच मळमळायचं. समोरच्या टीमची गोरी पोरं आधी बघत राहिली, मग पोट धरधरून हसली. पहिली मॅच आम्ही शून्य विरुद्ध एक्केचाळीसने हरलो, दुसरी शून्य विरुद्ध अडतीस. साहेब म्हणाले, "इंप्रूवमेंट है."

आमचं ग्राउंड म्हणजे इंडस्ट्रियल एरियाच्या मागचा वाळूचा तुकडा. एका बाजूला जुने टायर, दुसऱ्या बाजूला मैल्याच्या टँकरची रांग. पोरं पडली की तोंडात वाळू जायची आणि त्या वाळूत आधी काय सांडलं होतं हे मी मनातही आणत नसे. दुसऱ्या मॅचनंतर आठ जण टीम सोडून गेले. राहिले चौदा. तेही खेळाच्या प्रेमाने नाही, तर टीममध्ये असेपर्यंत निम्मी फी माफ होती म्हणून. एक मॅच चुकवली की माफी रद्द, असा साहेबांचा नियम. तो मीच टाइप करून बोर्डावर लावला होता.

त्या चौदांत एकालाच चेंडू घेऊन पळता यायचं. कैवल्य सबनीस. हडकुळा, लांब तंगड्यांचा, एकोणीस वर्षांचा पोरगा. इथेच जन्मला, इथेच वाढला, आई लहानपणीच गेलेली. मराठी समजायचं सगळं, उत्तर मात्र इंग्रजीत. त्याचे वडील वासुदेव सबनीस रुवैसला रिफायनरीत स्टोअरकीपर. इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून तिकडून गुरुवारी निघून घरी यायचे, शुक्रवारी रात्री परत. मुलगा अठराचा झाला की बापाच्या व्हिसावर राहायला कॉलेजचं पत्र लागतं. ते पत्र दर वर्षी माझ्याकडूनच जायचं. सबनीस म्हणायचे, "मॅडम, तुम्ही आहात म्हणून मी तिकडे निवांत असतो."

कैवल्यचं डोकं लहान. त्याच्या वाट्याला यायचं ते हेल्मेट इद्रीसचं. इद्रीस सुदानचा, अंगाने दरवाजाएवढा, मनाने गरीब. त्याचं हेल्मेट कैवल्यच्या डोक्यात गदागदा हलायचं. त्याने मला दोनदा सांगितलं, "आंटी, इट्स टू बिग." मी जोकिमच्या हॉटेलचा एक हातरुमाल चार घड्या करून आत कोंबला. "आता बसेल," म्हटलं. तो रुमाल दोन मॅचमध्ये हिरवा पडला. मला तो चिमटीत धरायचीही किळस यायची, म्हणून मी बदलला नाही. हेही सांगून टाकते.

तिसरी मॅच जानेवारीत, ईदनंतर, जेबेल अली बंदराला लागलेल्या अमेरिकन जहाजावरच्या खलाशांशी. ती माणसं होती, पोरं नव्हती. कैवल्य चेंडू घेऊन निघाला आणि एका खलाशाने त्याला बाजूने असा काही उडवला की आपटल्याचा आवाज बसपर्यंत आला. तो उठला तेव्हा हेल्मेट डोक्यावर उलटं फिरलेलं, कानाच्या भोकातून त्याचा एक डोळा दिसत होता. तसाच चालत तो समोरच्या टीमच्या रांगेत जाऊन उभा राहिला. सगळं ग्राउंड हसलं. मीही हसले. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

परत येताना बसमध्ये तो ओकला. किटच्या पिशवीवर, हेल्मेटांवर, थोडंसं माझ्या सँडलवर. मला इतकी शिसारी आली की मी त्याच्यावर ओरडले, "खिडकीबाहेर तोंड काढता येत नाही? एवढा घोडा झालास!"

"सॉरी, आंटी," तो म्हणाला. दोन मिनिटांनी पुन्हा म्हणाला, "सॉरी, आंटी." मग पुन्हा. घर जवळ येईपर्यंत तेच. तेव्हा मी बस सरळ दवाखान्याकडे न्यायला लावली.

डॉक्टरने तपासलं, डोळ्यांत बॅटरी मारली, आणि एक पत्र लिहून माझ्या हातात दिलं. मेंदूला धक्का बसला आहे. किमान सहा आठवडे खेळ बंद. पुन्हा डोक्याला लागलं तर कायमचं नुकसान होऊ शकतं. आणि शेवटची ओळ: हेल्मेट मापाचं नव्हतं, ह्याची कॉलेजने चौकशी करावी.

चौथी मॅच साडेतीन आठवड्यांवर. पाहुण्यांसमोरची.

मी ते पत्र साहेबांच्या टेबलावर ठेवायला हवं होतं. त्यांच्या दारापर्यंत गेले. शेवटची ओळ पुन्हा वाचली. चौकशी झाली की मिनिट्सची फाइल निघणार आणि त्यात माझ्याच अक्षरात माझंच नाव: हेल्मेट अकरा, सूचना ॲडेलिन तुस्कानो यांची. पाहुण्यांच्या तोंडावर साहेब ही भानगड स्वतःच्या अंगावर घेतील, एवढी मी भोळी नव्हते. पंधरा वर्षांची नोकरी होती. मी परत फिरले आणि पत्र ड्रॉवरमध्ये, शिक्क्याच्या पॅडखाली ठेवलं. साहेबांना तोंडी सांगितलं, "कैवल्य को थोडा लगा है. डॉक्टर रेस्ट बोला."

"मॅच तक ठीक हो जाएगा, इन्शाल्ला," ते म्हणाले आणि मला एक कागद दिला. चौथ्या मॅचसाठी गवताचं ग्राउंड भाड्याने घेतलं होतं. ग्राउंडवाल्यांना खेळाडूंची यादी हवी होती, खाली 'सर्व खेळाडू वैद्यकीयदृष्ट्या तंदुरुस्त आहेत' असं वाक्य आणि त्यावर कॉलेजचा शिक्का. ह्या देशात शिक्क्याशिवाय कागद म्हणजे चुरमुऱ्याची पुडी. शिक्का मारला की तोच कागद खरा.

मी रुवैसला फोन लावला. स्टोअरमधून सबनिसांना बोलवून आणेपर्यंत कुणीतरी बराच वेळ लोखंड ओढत असल्याचा आवाज येत होता.

"काय म्हणतो आमचा हिरो?" ते म्हणाले.

"बरा आहे. डॉक्टर म्हणाले थोडी विश्रांती घेऊ दे. पण मॅच चुकवली तर फीची माफी जाते, सबनीस. तुम्ही काय म्हणता?"

ते म्हणाले, "पूर्ण फी मला झेपणार नाही, मॅडम. फी नाही तर कॉलेज नाही, कॉलेज नाही तर व्हिसा नाही. तो म्हणतो मी खेळणार. तुम्ही तिथे आहात, तुम्ही रोज बघताय त्याला. तुम्हाला ठीक वाटत असेल तर खेळू दे."

पत्र माझ्या गुडघ्याला लागलेल्या ड्रॉवरमध्ये होतं. वाचून दाखवायला अर्धं मिनिट लागलं असतं. "ठीक वाटतोय," मी म्हटलं.

यादीवर नवव्या नंबरला कैवल्य सबनीस. मी शिक्का मारला.

मॅचच्या दिवशी सगळं झकपक. भाड्याचं गवत हिरवंगार, पण ते सांडपाण्यावर वाढवलेलं. शुद्ध केलेलं पाणी म्हणतात त्याला. त्या सकाळी नुकतंच सोडलं होतं आणि असा भपकारा येत होता की तिन्ही पाहुणे रुमालाने नाक दाबून बसले. साहेबांनी त्यांना खजूर दिले, गहवा म्हणजे अरबी कॉफी दिली. अर्धी मॅच झाली तेव्हा त्यांच्यातली बाई उठली आणि मागोमाग दोघेही. हॉटेलला जेवायला गेले. ज्यांच्यासाठी हा तमाशा, ते उरलेल्या अर्ध्यात नव्हतेच.

त्या उरलेल्या अर्ध्यात कैवल्य पळाला. कसा पळाला ते मी मान्य करते. दोघांच्या मधून गेला, तिसऱ्याने जर्सी धरली ती सोडवली, रेघेपाशी चौथा त्याच्या डोक्यावर येऊन आदळला आणि दोघे मिळून रेघेपलीकडे पडले. सहा पॉइंट. अख्ख्या सीझनमधले आमचे पहिले आणि शेवटचे. यूनुससर रडले. इद्रीसने कैवल्यला खांद्यावर घेतलं. फोटोग्राफरने फोटो काढला.

खाली उतरवल्यावर तो माझ्याकडे आला. हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं, नेहमीसारखं. चेहरा अगदी शांत. "व्हेन डज इट स्टार्ट, आंटी?" त्याने विचारलं.

"काय?"

"द मॅच."

मी हेल्मेट धरून उभी राहिले. तो ओलाकच्च रुमाल आतच होता. मला त्या वासाची नाही, माझ्या हातांची ओकारी आली.

मान्यता मिळाली नाही. पाहुण्यांच्या पत्रात लायब्ररी नाही, लॅब नाही असं लिहिलं होतं. फुटबॉलचा उल्लेख नव्हता. टीम बंद झाली. माहितीपत्रक मात्र छापलं आणि मुखपृष्ठावर तो फोटो घेतला. खाली ओळ मी टाइप केली: विजयाचा क्षण. आम्ही सहा विरुद्ध तीसने हरलो होतो.

कैवल्यचं डोकं दुखायचं थांबलं नाही. पान वाचायला घेतलं की अक्षरं हलतात म्हणायचा. तो ऑफिसात यायचा, मुखपृष्ठाकडे बघत बसायचा. "एव्हरीवन सेज इट्स मी," म्हणायचा आणि हसायचा. आठवत त्याला काहीच नव्हतं, ना ते पळणं, ना ते आदळणं, ना मी. म्हणजे मी आठवत होते, पण त्या दिवशीची नाही. एका शुक्रवारी मिस्सानंतर मी फादरकडे पाप सांगायला गेले. ऑफिसात खोटं बोलले, एवढंच सांगितलं. त्यांनी तीन नमो मरिया सांगितल्या. भाजी घेताना करते तशीच घासाघीस मी देवाशी केली, आणि स्वस्तात सुटले.

मेमध्ये तो सगळ्या विषयांत नापास झाला. जूनमध्ये नियमाप्रमाणे नाव काढलं. नाव काढलं की व्हिसा रद्द, त्यासाठीही कॉलेजचं पत्र लागतं. ते न्यायला सबनीस स्वतः आले. रुवैसहून साडेतीन तास बसने, भर उन्हात, हातात खजुरांचा डबा. कैवल्यला पुण्याला काकाकडे पाठवणार होते. तिकडे डोक्याचे चांगले डॉक्टर आहेत म्हणाले.

"हे तुमच्यासाठी," डबा माझ्या टेबलावर ठेवत ते म्हणाले. "तुम्ही त्याला आईसारखं बघितलंत, मॅडम. आणि काही झालं तरी त्या दिवशी त्याला खेळायला मिळालं तुमच्यामुळे. त्याचा फोटो मी स्टोअरमध्ये लावलाय."

मला स्वतःची इतकी घाण वाटली की त्या डब्याला हात लावणं अशक्य झालं. मी ड्रॉवर उघडला, शिक्क्याच्या पॅडखालून डॉक्टरचं पत्र काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. एका कोपऱ्याला शाई लागली होती.

स्टोअरकीपर माणूस. त्यांनी ते पत्र मालाची पावती तपासावी तसं वाचलं, बोट ठेवून, वरून खाली. मग पुन्हा वर गेले.

"ही तारीख मॅचच्या आधीची आहे," ते म्हणाले.

"हो."

"मी फोनवर होतो तेव्हा हे कुठे होतं?"

"ह्याच ड्रॉवरमध्ये."

झेरॉक्सच्या खोलीत कुणाच्या तरी नोट्सच्या प्रती निघत होत्या, त्याचा आवाज येत राहिला. मी सगळं सांगितलं. समोसा, मिनिट्स, जोकिमची टीम, रुमाल. "अकरा हेल्मेटांची कल्पना माझी होती, सबनीस. ते बाहेर येऊ नये म्हणून मी गप्प बसले." ते ओरडतील म्हणून मी वाट बघत होते. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी पत्राची घडी घातली आणि खिशात ठेवली. खजुरांचा डबा उचलला आणि पिशवीत परत घातला. मग व्हिसा रद्द करायचं पत्र माझ्यापुढे सरकवलं.

"ह्यावर शिक्का राहिलाय," ते म्हणाले.

मी मारला.

दारापाशी ते थांबले, वळले नाहीत. "कैवल्यला सांगू नका," म्हणाले. "तो खाली टॅक्सीत बसलाय. आंटीला बाय करायला वर येऊ का म्हणून विचारत होता. मी जाऊन सांगतो, आंटी सुट्टीवर आहेत."